हाडाआधी गाळ: सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मस्थळी पहिल्यांदा जाणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

दाढ माझ्या तळहातावर होती. जुन्या काळच्या कुठल्यातरी गोवंशीय प्राण्याची, तपकिरी, दिसते त्यापेक्षा जड. पथकातल्या सरांनी ती हातात घेण्याआधी एकच विचारलं, "कुठल्या थरातून काढलीस?" मी वळून दरडीकडे पाहिलं. तीन पुरुष उंच दरड, तिच्यात दहा-बारा थर, आणि बोट कुठे ठेवावं ते मला कळेना. ती दाढ आजही पथकाच्या एका डब्यात आहे. चिठ्ठीवर लिहिलंय, 'थर अज्ञात'. प्राणी कोणता ते ती सांगते. तो नदीत वाहून आला, काठावर मेला की तळ्याच्या चिखलात रुतला, हे मात्र आता तिच्याकडून कधीच कळणार नाही.

मी कळव्याला राहते, नोकरी ऐरोलीत. गेले चार हिवाळे सुट्ट्या साठवून गोदावरी खोऱ्यातल्या एका जीवाश्मस्थळी स्वयंसेवक म्हणून जाते. जागेचं नाव मुद्दाम देत नाही. नाव पसरलं की लोक पिशव्या घेऊन येतात आणि हाडं उचलून नेतात. भूशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. तुमच्याकडेही नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पहिल्या वर्षी मला जे कोणी सांगितलं नाही, किंवा सांगूनही कळलं नाही, ते इथे क्रमाने लिहिते.

१. आधी घराजवळ डोळा तयार करा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. शिबिराचे आठ-दहा दिवस अपुरे पडतात. तिथे गेल्यावर वाळू कशी दिसते हे शिकत बसलात, तर हाडापर्यंत पोहोचेस्तोवर परतीची गाडी येते.

आपले डोंगर बेसॉल्टचे, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाचे. येऊर, पारसिक, खारघर, सगळीकडे तेच. त्या कातळात हत्ती-गेंड्यांची हाडं सापडणार नाहीत. दोन लाव्हाथरांच्या मधल्या काळात साठलेला तळ्याचा गाळ काही ठिकाणी मिळतो. वरळीच्या अशाच गाळातल्या बेडकांच्या जीवाश्मांचं वर्णन १८४७ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी केलं होतं. पण आपल्याला इथे हाडं शोधायचीच नाहीत. आज वाहणारं आणि आज साचलेलं पाणी गाळ कसा टाकतं, ते पाहायचं आहे. त्यासाठी ठाणे जिल्ह्यासारखी जागा नाही, कारण नदी, तळं आणि खाडी तिन्ही लोकलच्या अंतरावर आहेत.

*नदी.* नोव्हेंबर-डिसेंबरात बदलापूर-वांगणीच्या बाजूला उल्हास नदीच्या वळणावर जा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला काठ कापला गेलेला दिसेल, आतल्या बाजूला गोटे आणि वाळूचा उतरता पट्टा. पाण्याजवळ गोटे, वर भरड वाळू, आणखी वर बारीक वाळू, आणि अगदी वर, झुडपं सुरू होतात तिथे, पुराने टाकलेला पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून भरड गाळ. हा क्रम पाठ करा. वळण सरकत जातं तसा हा पट्टाही सरकतो आणि पाण्याजवळचे गोटे हळूहळू वाळूखाली, वाळू पोयट्याखाली जाते. म्हणून प्राचीन दरडीत खाली गोटे, मध्ये वाळू, वर माती असा क्रम दिसला, की ते बहुधा एका वळणाच्या सरकण्याचं काम असतं.

पट्ट्यावर थापीने गुडघाभर उभा काप घ्या आणि कापाची भिंत साफ करा. वाळूत तिरप्या रेघा दिसतील. त्या ज्या दिशेला खाली उतरतात, ती पाणी गेलं ती दिशा. आता शेजारचे चपटे गोटे पाहा. ते कौलांसारखे एकमेकांवर रेललेले असतात, पण त्यांचा उतार प्रवाहाच्या वरच्या बाजूला असतो. रेघा खालच्या दिशेला, गोटे वरच्या दिशेला. नवशिका इथे हमखास गोंधळतो. समोर नदी वाहताना हे एकदा पाहिलंत, तर पुन्हा चुकणार नाही.

*पूर.* माझी मावशी बदलापूरला तळमजल्यावर राहायची. २६ जुलै २००५ नंतर चार दिवसांनी आम्ही घर साफ करायला गेलो. दारात, जिथून पाणी जोरात शिरलं तिथे, वाळू होती, चपलेखाली करकरणारी. स्वयंपाकघरात पोयटा. आणि भांड्यांच्या फळीवर, ताटात, जिथे पाणी नुसतंच उभं होतं, तिथे लोण्यासारखा गुळगुळीत चिखल, बोटाच्या पेराएवढाही नाही. मागच्या खोलीत आम्ही दोन दिवस पोहोचलो नाही. तिथला चिखल वाळून त्याच्या पाचकोनी-षट्कोनी पापड्या झाल्या होत्या, कडा वर वळलेल्या. बऱ्याच वर्षांनी गोदावरीच्या दरडीत तशाच पापड्या दगडासारख्या घट्ट झालेल्या, त्यांच्या भेगांत वरची वाळू भरलेली पाहिली, तेव्हा मावशीची मागची खोली डोळ्यांसमोर उभी राहिली. पाणी जोरात असताना जड टाकतं, मंदावलं की हलकं. पुढचं जवळजवळ सगळं वाचन या एका गोष्टीवर चालतं.

*तळं.* मासुंदा किंवा उपवन तलावाचा तळ आपल्याला दिसत नाही. पण उन्हाळ्यात मुरबाड, शहापूर, पनवेलच्या गावांत तळ्यांचा आणि लहान धरणांचा गाळ काढतात. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना तुम्ही ऐकली असेल. यंत्राने कापलेली ओली भिंत दिसली, तर परवानगी घेऊन लांबून पाहा, फोटो घ्या. बारीक, आडवे, पातळ पदर दिसतील. तळाशी हवा पोहोचत नसेल तर गाळ काळसर-राखाडी असतो आणि त्याला सडक्या अंड्याचा वास येतो.

*खाडी.* ऐरोलीच्या बाजूने ओहोटीला चिखल पाहा. ठाणे खाडीचा हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्यामुळे फक्त परवानगी असलेल्या जागेवरूनच पाहायचं, चिखलात उतरायचं नाही. खाडीचा चिखल दिसायला तळ्यासारखा, पण त्यात खेकड्यांची बिळं असतात, कांदळवनाची मुळं असतात आणि भरती-ओहोटीने आणलेले वाळू-चिखलाचे आळीपाळीचे पदर असतात. 'बारीक गाळ म्हणजे तळं' अशी घाई करू नये, हे खाडीइतकं चांगलं कोणी शिकवत नाही.

२. घरचा बाटलीप्रयोग

काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर धुण्याचा सोडा. जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात बसते, पोयट्याला काही तास लागतात, चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. चार ठिकाणच्या मातीच्या चार बरण्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवा. ज्या पाण्यातून चिकणमाती खाली बसली, ते पाणी बराच काळ स्थिर होतं, हे वाक्य तुम्हाला मग पाठ करावं लागणार नाही.

३. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं आधी, कारण ती नसली तर सामान उघडताच येत नाही:

- पथकप्रमुखांचं तुमच्या नावाचं पत्र आणि स्वतःचं ओळखपत्र
- जमीनमालकाची लेखी संमती. 'तोंडी सांगितलंय' एवढ्यावर जाऊ नका
- वनजमीन असेल तर वनखात्याची परवानगी
- दगडी हत्यारंही सापडणारी जागा असेल तर उत्खननासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. १९५८ चा कायदा त्यासाठी आहे. परवाना पथकाकडे असतो, पण तो आहे ना, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे
- त्या भागाचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा
- रक्तगट आणि नेहमीच्या औषधांची चिठ्ठी

सामान: गवंड्याची लहान थापी, रंगकामाचे दोन ब्रश, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पाच मीटरची टेप, होकायंत्र, पाण्याची फवारणी बाटली, शिसपेन्सिल (पेनची शाई ओलीत पसरते), चौकटीची वही, झिपच्या पिशव्या, न पुसणारं मार्कर, ॲल्युमिनियम फॉइल, टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट. एका पुठ्ठ्यावर वेगवेगळ्या जाडीची वाळू गोंदाने चिकटवून मोजपट्टी घरीच करा. विकतच्या पट्टीपेक्षा ती चांगली लक्षात राहते.

चुना ओळखायला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. ते बॅगेत टाकून रेल्वेने नेऊ नका. गाडीत आम्ल नेण्यास बंदी आहे आणि बाटली फुटली तर शेजारच्याच्या जिवाशी खेळ होतो. पथक ते तिथेच मिळवतं.

४. पहिला तास हात लावायचा नाही

दरडीपासून पंधरा-वीस पावलं मागे जा आणि बसा. वहीत पूर्ण दरडीचं चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल, पण रेषा कुठे सरळ, कुठे वाटीसारखी खोलगट, कुठे थर बारीक होत संपतो, हे दिसलं पाहिजे. वाटीसारखा खोलगट तळ आणि त्यात गोटे म्हणजे जुन्या पात्राने खालचा थर कापून स्वतःची जागा केली. लांबवर सरळ, एकसारख्या जाडीचा बारीक थर म्हणजे पसरलेलं, शांत पाणी. हे जवळून दिसत नाही.

याच तासात कोणीतरी जमीनमालकाशी बोलावं. आमच्या दरडीवरच्या शेताचे मालक एका सकाळी काठावर बसून म्हणाले, "ताई, हितं हीर खांदली तर आधी मळई लागती, मग चुनखड, मग गोट्याचा थर. पाणी लागतं ते गोट्यात." आम्ही दोन दिवस मोजून जो छेद काढला होता, तोच त्यांनी चार शब्दांत सांगितला. शिवाय तो थर नदीपासून किती आत पसरलाय, हेही त्यांच्या विहिरींवरून कळलं. दरडीवरून ते कळणं शक्यच नव्हतं.

सुरक्षेचं इथेच सांगते. उभ्या दरडीच्या पायथ्याशी जेवायला, सावलीला बसू नका. वर भेग दिसली तर त्या भागात जाऊ नका. दरडीच्या पोटात खड्डा खणून आत वाकू नका. वरच्या धरणातून पाणी सोडण्याची वेळ गावात विचारून ठेवा.

५. थरामागून थर: कण, रंग, रेघा

आता पुढे या. टेप दरडीला उभी लावा, शून्य खाली. थर खालून वर मोजतात, कारण खालचा आधी साठला. दर थराला क्रमांक द्या आणि प्रत्येकाबद्दल तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा.

कण किती मोठे? २ मिलिमीटरच्या वर ते खडे-गोटे, त्याखाली डोळ्याला दिसेपर्यंत वाळू. डोळ्याला दिसेनासे झाले की साफ केलेल्या आतल्या भागातली चिमूट पुढच्या दातांत धरा. कचकच लागली तर पोयटा, लोण्यासारखी गेली तर चिकणमाती. (ओली करून तिची वळी करून पाहणं हा दुसरा उपाय. चिकणमातीची वळी तुटत नाही.)

थराचा तळ कसा? सुरीने कापल्यासारखा, की हळूहळू बदलत गेलेला? कापलेला तळ म्हणजे मधला काही काळ खरवडून गेलेला असू शकतो. त्या एका रेषेत शंभर वर्षं असतील किंवा लाखभर.

आत रेघा आहेत का? तिरप्या, लहरींसारख्या, की आडव्या? की काहीच नाहीत, सगळं ढवळल्यासारखं? ढवळलेलं असेल तर मुळांनी, किड्यांनी किंवा प्राण्यांच्या खुरांनी ते केलं असेल.

रंग कोणता? लालसर-तपकिरी माती हवेत उघडी होती. राखाडी-हिरवट माती पाण्याखाली कोंडलेली. दोन्हींचे ठिपके एकत्र असतील तर पाणी चढत-उतरत होतं. रंग सावलीत आणि पाणी फवारून पाहा. कोरड्या उन्हात सगळंच फिकट दिसतं.

वहीच्या पानावर मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. 'तिरप्या रेघा, उतार ईशान्येला' हे डावीकडे. 'नदी ईशान्येला वाहत असावी' हे उजवीकडे. दोन वर्षांनी दुसऱ्या कोणी तुमची वही उघडली, तर डावी बाजू त्याच्या कामाची असते. उजवी चुकली तरी चालते.

६. नदी की तळं?

नदीचं पात्र ओळखणं त्यामानाने सोपं: कापलेला तळ, गोटे, तिरपे थर, वर बारीक होत जाणारे कण. आपल्या दख्खनच्या नद्यांत गोटे बहुतेक बेसॉल्टचे, सोबत अकीक आणि गारगोटीचे खडे. अनेकदा चुन्याने ते इतके घट्ट जोडलेले असतात की हातोडीला दाद देत नाहीत.

तळ्याला जास्त पुरावे लागतात. आडवे पातळ पदर हवेत, ते लांबवर तसेच गेलेले हवेत, आणि शक्यतो पाण्यातल्या जिवांची साक्ष हवी: स्थिर गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे अख्खे, नाजूक शंख, माशांचे मणके, भिंगाखाली दिसणारे शिंपल्यासारखी कवचं असलेल्या सूक्ष्म जिवांचे ठिपके. शंख तुटलेले, घासलेले आणि वाळूत असतील तर ते वाहून आलेत. शंख दिसला एवढ्यावर तळं ठरत नाही. तळ्याला नदी मिळत असेल तर तिच्या मुखाशी उलटा क्रम दिसतो: खाली चिखल, वर वाळू, कारण नदीचा गाळ हळूहळू तळ्यात पुढे सरकतो.

या दोहोंमध्ये एक मोठा प्रदेश आहे आणि सस्तन प्राण्यांची बरीच हाडं तिथेच मिळतात: पूरमैदान, सोडून दिलेली वळणं, पावसाळी डबकी. नदीने वळण सोडलं की ते घोड्याच्या नालेच्या आकाराचं तळं होतं. तळाशी पात्राचे गोटे, वर तळ्याचा चिखल. म्हणजे एकाच जागी नदीही खरी आणि तळंही खरं. आजचं उदाहरण हवं तर नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर पाहा. गोदावरी बंधाऱ्याने अडली, गाळ साठला, पाणथळ झालं, पक्षी आले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. आणि गोदावरीच्या जुन्या गाळातल्या हत्तीच्या अवशेषांवर भूशास्त्रज्ञ पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये लिहिलं, तो हत्तीही याच परिसरातला. आजचं पाणथळ आणि हत्तीच्या काळचा गाळ एकाच परिसरात पाहता येतो, म्हणून शिबिराच्या वाटेवर तिथे अर्धा दिवस नक्की थांबा.

दोन पुरांच्या मध्ये मैदान कोरडं राहिलं की तिथे जमीन तयार होते. तिच्या खुणा: मुळांच्या बारीक नळ्या, चुनखडीचे गोळे, काळ्या जमिनीत आकसण्या-फुगण्याने झालेले चकचकीत घासलेले पृष्ठभाग. चुनखडीचे गोळे तिथेच तयार झालेले असतील, तर तिथे पाऊस हंगामी होता आणि जमीन बराच काळ शांत राहिली. तेच गोळे घासून गोल झालेले आणि गोट्यांच्या थरात असतील, तर नदीने जुनी जमीन खरवडून ते आणलेत.

७. आता हाड

हाड दिसलं की फोटो. मोजपट्टी, थराचा क्रमांक आणि उत्तर दिशा फोटोत हवी. काढायचं की नाही ते पथकप्रमुख ठरवतात.

मग पाहायचं ते असं. सांधे जुळलेले आहेत का? मणके ओळीने, पाय जागच्या जागी असतील तर प्राणी तिथेच किंवा अगदी जवळ मेला आणि लवकर झाकला गेला. अमेरिकेतल्या नेब्रास्कात सुमारे १.२ कोटी वर्षांपूर्वी एका पाणवठ्यावर ज्वालामुखीची राख साचली आणि गेंड्यांचे अख्खे सांगाडे तसेच राहिले. ती जागा शोधणाऱ्या मायकेल वूरहीज यांनीच त्याआधी, १९६९ मध्ये, वाहतं पाणी कोणती हाडं आधी नेतं हे प्रयोगाने दाखवलं होतं. फासळ्या आणि मणके पहिल्यांदा जातात, पायांची लांब हाडं मागाहून, कवटी आणि खालचा जबडा सगळ्यांत शेवटी. म्हणजे गोट्यांच्या थरात नुसते जबडे आणि दात असतील तर पाण्याने बाकीचं चाळून नेलंय. शांत चिखलात सगळे भाग सापडायला हवेत. तिथेही फासळ्या गायब असतील तर दुसरं कारण शोधा. मांसभक्षक प्राणी असतील, किंवा आपलीच घाई.

लांब हाडांची दिशा होकायंत्राने मोजा. सगळी एका दिशेला किंवा एकमेकांना काटकोनात असतील तर प्रवाहाने लावली. कडा पाहा: धारदार, की गारेसारख्या गोल? पृष्ठभाग पाहा: १९७८ मध्ये ॲना बेरेन्समायर यांनी केनियातल्या अंबोसेलीत उघड्यावर पडलेल्या हाडांचा अभ्यास करून ० ते ५ अशा झीजेच्या पायऱ्या मांडल्या. ताजं गुळगुळीत हाड ०, उभ्या भेगा, मग सोलपटं, मग चिरफाळ्या होणारं हाड ५. एकाच थरात ० आणि ४ एकत्र दिसले, तर ती हाडं एका वेळी मेलेल्या कळपाची नाहीत, वर्षानुवर्षं साठत गेलेली आहेत.

आणि लहान हाडं विसरू नका. उंदरासारख्या प्राण्यांचे दात डोळ्याला दिसत नाहीत. ते गाळ बारीक चाळणीवर धुऊन मिळतात. गुंटुपल्ली प्रसाद आणि अशोक सहानी यांनी १९८८ मध्ये तेलंगणातल्या नस्कल इथल्या, लाव्हाथरांमधल्या गाळातून भारतातला पहिला क्रेटेशस काळातला, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या कालखंडातला, सस्तन प्राणी जगापुढे आणला, तो अशा इवल्या दातांवरून. मोठ्या प्राण्याचं हाड दूरवरून वाहून येऊ शकतं, स्वतः प्राणीही शेकडो किलोमीटर फिरतो. उंदीर बिळापासून फार लांब जात नाही. त्यामुळे त्या जागेचं हवामान मला हत्तीपेक्षा उंदीर जास्त खात्रीने सांगतो.

८. हमखास फसवणाऱ्या चार गोष्टी

कांद्यासारखा सोलणारा बेसॉल्ट. बेसॉल्ट कुजताना गोल गोळे तयार होतात, भोवती मुरूम. पारसिकच्या किंवा खारघरच्या रस्त्यालगतच्या कापांत ते उत्तम दिसतात. लांबून हुबेहूब नदीच्या गोट्यांचा थर. जवळ जाऊन पाहा: गोळ्याभोवती पापुद्रे आहेत, मधली जागा वाळूने नाही तर त्याच कुजलेल्या दगडाने भरलीय, अकीक-गारगोटीची सरमिसळ नाही, गोळे एकमेकांवर रेललेलेही नाहीत. दोन लाव्हाथरांमधला विटेच्या रंगाचा लाल पट्टाही असाच नदीचा गाळ म्हणून खपतो.

चुन्याची मुळं. मुळाभोवती चुना साचून तयार झालेली नळी अगदी पायाच्या हाडासारखी दिसते. मोडलेल्या टोकावर भिंग धरा. हाडाच्या आत जाळीदार रचना असते, मुळाच्या नळीत नसते. आम्लाने ती नळी जोरात फसफसते. पण जुन्या हाडाच्या पोकळ्यांतही चुना भरलेला असतो, त्यामुळे एकट्या आम्लावर विसंबू नका. सच्छिद्र जीवाश्म हाड ओल्या जिभेला चिकटतं ही जुनी युक्ती मी वापरते, पण भिंगानंतर.

पायथ्याशी पडलेलं हाड. ते वरच्या कुठल्याही थरातून आलं असेल. चिकटलेला गाळ धुऊ नका. तो थराच्या गाळाशी जुळवून पाहता येतो. माझ्या त्या दाढेला चिकटलेली माती मी कौतुकाने नळाखाली धुतली होती.

दुसऱ्यांदा गाडलेलं हाड. नदी जुना थर कापते, त्यातली हाडं उचलते आणि नव्या गोट्यांत टाकते. ५ डिसेंबर १९८२ रोजी भूशास्त्रज्ञ अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात नर्मदाकाठी हथनोऱ्याला प्राचीन मानवाच्या कवटीचा भाग मिळाला, तो गोट्यांच्या घट्ट थरात, सस्तन प्राण्यांच्या हाडांच्या संगतीत. तिच्या वयावर आजही एकमत नाही. गोट्यांच्या थराचं वय म्हणजे त्यातल्या हाडाचं वय नव्हे, हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

९. वयासाठी नमुने

हे काम तुम्ही करणार नाही, पण बिघडवू मात्र शकता. वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, यावरून वय काढतात. त्यासाठी धातूची बंद नळी दरडीत ठोकून अंधारातच नमुना घेतात. ती नळी "आत काय आहे बघू" म्हणून उघडू नका. शंख-कोळशाच्या कार्बन पद्धतीची मर्यादा साधारण ५० हजार वर्षं. पांढरा-राखाडी, पिठासारखा हलका पट्टा दिसला तर लगेच सांगा. इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या स्फोटाची राख भारतात अनेक ठिकाणी मिळते. मात्र राख दिसली की टोबाच, असंही नाही. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठच्या बोरीची राख त्याच स्फोटाची की त्याहून जुनी, यावर अभ्यासक बराच काळ वाद घालत आले आहेत.

१०. संध्याकाळ आणि परतीचं

रोज संध्याकाळी जेवणाआधी वही पूर्ण करा. दिवसाचे फोटो आणि थरांचे क्रमांक जुळवा. एक रात्र मध्ये गेली की थर ४ आणि थर ५ एक होतात. पिशवीत एक चिठ्ठी आत, एक बाहेर, दोन्हींवर तारीख, थर, दरडीच्या तळापासूनची उंची आणि तुमचं नाव. आतली चिठ्ठी वेगळ्या लहान पिशवीत घाला, नाहीतर ओल्या गाळाने अक्षरं पुसतात.

पथकाने अभ्यासासाठी गाळाचे नमुने तुमच्याकडे दिले असतील तर ते जूनच्या आत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या कागदी पिशवीला पंधरा दिवसांत बुरशी धरते. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून पथकाला त्याच आठवड्यात पाठवा, कारण तुम्ही मोजलेली दरड पुढच्या पुरानंतर तिथे असेलच असं नाही. आमची दोन मीटर मागे सरकली, आणि थर ३ चा पूर्वेकडचा भाग आता फक्त त्या वहीत आहे.